राजगिऱ्यातली ज्वारी

न्हाई न्हाई, वर जाऊ नका अजून. बसा अक्का, पंख्याखाली बसा. पोरीचा आत्ताच डोळा लागलाय — हाव, बरी हाय, म्हणजे जिवंत हाय, असं डोळे फाडून कामून बघता? उदगीरहून एस्टीत उभ्यानं आलाव, आधी दम खावा. मी फोनवर 'लौकर या' मनले ते घाबरून मनले. कालपास्नं तुमच्या वर्षाराणीनं पाण्याचा घोट घेतला न्हाई. जेवणाचं सोडा, पाणी! एप्रिलचं ऊन, त्यात जुलाब झालेली पोरगी. मी हात जोडले, रागं भरले, तिच्या मैत्रिणी रडल्या. तोंडच उघडंना. तुमचं ऐकंल म्हणून बोलावलं, दुसरं काय करू मी?

मेसला नाव ठिवू नका हां. चाळीस पोरी जेवतात या शांतम्माच्या हातचं, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या — कुणी लोह्याची, कुणी किनवटची, कुणी तुमच्यासारखी देवणी-उदगीरकडली. एकीचं बी पोट कधी बिघडलं न्हाई. पाणी उकळून देते मी, भाजी मिठाच्या पाण्यात धुते. तुमची बी पोरगी जूनात आली तवा गाल कसे होते? दीड भाकरी खायाची, वर वरणाची वाटी तोंडाला लावायची. मी चिडवायची, डॉक्टरीण होशील का पैलवान? आन मंग आली शिवरात्र. गावच्या महादेवापुढं तुमी नवस बोलल्या, पोरीला मेडिकलला सीट मिळू दे, सीईटी होऊस्तोवर ती धान्याला शिवणार न्हाई. बोलल्या तुमी, उपास तिनं करायचा! — न्हाई, देवाचं काही बोलत न्हाई मी. माझ्या बी गळ्यात लिंग हाय. पर दोन महिने, अक्का. सकाळी सहाला क्लास, संध्याकाळी पुन्हा क्लास, आन पोटात काय? साबुदाणा, भगर, चहा. फळं खा मनलं तर मनती, चावत बसायला येळ न्हाई. दही खा मनलं तर मनती झोप येती. पयल्यांदा तोंड आलं. मंग केस. मंग ताप — एकदा नव्हं, तीनदा आला. खोलीत एकीला सर्दी झाली की हिला आधी ताप. आन मागच्या महिन्यापास्नं जुलाब, दिवसातून पाच-पाच डाव.

काय? गोळ्या? हाव, गोळ्या आणल्या होत्या तिनं मेडिकलमधून, ताकदीच्या, एबीसीडी सगळी जीवनसत्त्वं त्यात. तुमीच सांगितलं होतं ना फोनवर, की गोळ्या घे मंजे भागंल? ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आन क्लासच्या जिन्यात वकायची. शेवटी मीच नेलं डॉक्टरीणबाईकडं. लई शांत बाई. त्या मनल्या, शांतम्मा, आजाराशी लढायची निम्मी फौज माणसाच्या आतड्यापाशी असती. तिला रसद लागती — डाळ, भाकरी, पालेभाजी, दही. साबुदाण्यावर ती किती दिवस लढंल? गोळी जेवणाच्या सोबतीला असती, जेवणाच्या जागी न्हाई. मी ते सगळं पोरीला सांगितलं. तर मला मनती कशी — मावशी, हे सगळं मला येतं, बायोलॉजीत हाय, दोन मार्काला येतं. येतं! पाठ हाय तिला सगळं! पर आईनं बोललंय, मोडलं तर सीट जाईल, आन आई मला काही बोलणार न्हाई, नुसती बघत बसंल. असं मनली. आधी पोटोबा मनतात ते काय उगं मनतात का? पर मी कोण उपास मोड मनणारी? मेसवाली.

म्हणून मंग मी राजगिऱ्याच्या थालीपिठात जरा... न्हाई, काही न्हाई. चहा टाकू का? — तुमी असं बघू नका हो माझ्याकडं. टाकली ज्वारी! मूठभर टाकली, पीठ चाळून, कळू नये म्हणून. भगरीत मुगाचं कढण घातलं गाळून. पंधरा दिवस. सांगायला गेलं तर टांगायला नेतात, हे मला बी ठावं हाय. पर विचारा कुणालाबी, जुलाब थांबले का न्हाई? ताप फिरून आला का? गेल्या बुधवारी जिन्यावरून हसत उतरली ती, मावशी आज टेस्टमध्ये सगळ्यात वर हाय मनली. मी पदरानं तोंड पुसलं आन आत गेले. वाटलं, वीस-बावीस दिवस राहिले, निभावून नेऊ. काल दुपारी गरम पाणी न्यायला ती चुलीपाशी आली, आन मी परातीत दोन्ही पिठं मिसळून राहिले होते.

वरडली न्हाई हो. वरडली असती तर बरं झालं असतं. परातीत बोट घातलं, जिभेला लावलं, आन न्हाणीत जाऊन घशात बोटं घालून सगळं काढलं. मंग वर गेली, पुस्तक मांडीवर घेतलं. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मैत्रिणीला मनली, आता पाणी बी न्हाई, तेवढंच प्रायश्चित्त.

बोला, बोला की तुमी. तुला काय अधिकार होता, हेच ना? न्हाई मला अधिकार. फसवलं मी, हाव. देवाला बी फसवलं. पर — ऐकायचं असंल तर ऐका, मी कुणाला सांगत न्हाई हे. बारा वर्षं झाली. भूकंपात घर गेलं, मालक गेले, सासू-सासरे गेले. माझी पार्वती तेवढी दगडाखालून जित्ती निघाली. तीन वर्षांची. अंगावर खरचटलेलं सुदिक न्हाई, लोक बघायला यायचे. पत्र्याच्या शेडात राहत होतो, तिथं तिला हगवण लागली. पोट बिघडलं की रिकामं ठिवायचं, आपल्यात असंच करतात, माझ्या आईनं बी तसंच केलं होतं. एक डॉक्टर यायचा, दूरचा, पोरासोरांना जीवनसत्त्वाचे थेंब पाजत फिरायचा. तो मनला, बाई, हिला पेज दे, मीठ-साखरेचं पाणी दे, खाणं-पिणं थांबवू नको. मी मनलं देते. तो गेला आन मी न्हाई दिलं. ती पाणी मागायची, अक्का. मी वाटी लपवून ठिवली. तिसऱ्या दिवशी मागायची बी बंद झाली, मला वाटलं उतार पडला.

...रडत न्हाई मी. चुलीचा धूर हाय.

म्हणून मनते, तुमी जावा आन पोरीला सांगा, मी बोलले होते, मीच सोडवते. एवढंच. महादेव काय सावकार हाय का, भाकरी मोजत बसायला? पाप लागलं तर मला लागू द्या, मी लिहून देते पायजे तर. वर जाऊन तिच्या तोंडाला तांब्या लावा, तुमच्या हातचं ती घेईल. उशीर नका करू. डॉक्टरीणबाई मनल्या संध्याकाळपर्यंत पाणी घेतलं न्हाई तर दवाखान्यात न्या.

काय मनलाव? पुन्हा बोला.

मोडलेले पंधरा दिवस परीक्षेनंतर भरून दिले तर चालंल का? हे मला विचारता व्हय?

...मला न्हाई ठावं, अक्का. देवाधर्माचं जंगमाला विचारा. मी भाकऱ्या थापणारी बाई. जावा तुमी वर, जिना चढून डाव्या हाताची खोली. जावा. पोरी जेवायला यायची येळ झाली, मला पीठ मळायचंय.