जेवणानंतर दोन चमचे

आगरदांड्याच्या धक्क्यावर सोनाबाई बोटीची वाट बघत बसली होती. शेजारी दिवेआगरचे वाडीवाले यज्ञेश्वर आणि त्यांची बायको प्रमोदिनी हळू आवाजात वाद घालत होते.

यज्ञेश्वर म्हणाले, "आपल्या श्रद्धाचे फ्रेंच सासरे परवा येतायत. त्यांनी पाठवलेली बाटली कशाबरोबर घेतली, ते विचारणार."

"कशाबरोबर म्हणजे? जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच कोमट पाणी."

"अगं, कोणी घेतली?"

"आईंनी. द्राक्षांचं आहे, गोड आहे, असं तुम्हीच म्हणालात. मला वाटलं द्राक्षासव."

"वाइन आहे ती. रस आंबत असतानाच वर कडक दारू ओततात, म्हणून गोडी राहते. चॉकलेटबरोबर घ्यायची, नाहीतर बुरशीवाल्या चीजबरोबर."

"आई नारळाच्या वडीबरोबर घेतात."

"एकादशीलासुद्धा?"

"औषधाला कसली एकादशी?"

"आजपासून बंद."

"बाबा गेल्यापासून त्या आत्ता कुठे दोन घास जेवायला लागल्यात, त्याचं काय?"

बोट धक्क्याला लागली.

हे औषध की दारू, सोनाबाईला काही उमगेना. पिशवी उचलून ती प्रमोदिनीजवळ सरकली.

"बाय, नाव लिवून देशील काय त्याचं? आमचा म्हातारा बी जेवत न्हाय."