ऐकलेलं परत म्हणणारा माणूस

मालतीवहिनी, संजय, मुक्ता, आणि सॉल्ट लेकपासून खिदिरपूरपर्यंत कुठून कुठून आलेल्या मंडळींनो,

या हॉलमध्ये मी पुष्कळ बोललो आहे. गणपतीत बोललो, निरोप समारंभांत बोललो, माइक काढून घ्यावा लागेपर्यंत बोललो. आज मात्र उभं राहतानाच थकवा आला. माझं झाल्यावर उत्तर द्यायला उठणारा माणूस आज त्या फोटोत आहे.

कॅप्टन श्रीधर नाफडे. आयुष्यभर प्रवासी विमानं चालवली. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून फ्लाइंग क्लबात गेले. पदवी नाही. आणि मी, बँकेतला दोन पदव्यांचा अधिकारी. आमचा वाद तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. वैमानिकाला पदवी हवी की अनुभव? मी म्हणायचो, पदवी हवीच. इतक्या माणसांचा जीव ज्याच्या हाती, त्याचे नुसते हात तयार होऊन कसं चालेल? डोकंही तयार नको? आजही मी तेच म्हणतो. शोकसभेत मतं बदलणाऱ्यांतला मी नाही.

पण कॅप्टनची एक सवय होती. वहिनींनी बाजाराची यादी सांगितली की हे परत म्हणायचे. दोन किलो कांदे, एक जुडी पालक, बरोबर? वहिनी वैतागायच्या, "अहो, मी काय कंट्रोल टॉवर आहे?" माझ्याशी वादातही तेच. मी पंधरा मिनिटं गरजायचो, ते माझंच म्हणणं दोन वाक्यांत परत म्हणायचे. बरोबर? मी हो म्हटल्याशिवाय स्वतःचं सुरू करायचे नाहीत. मी त्यांना पोपट म्हणायचो.

मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष. वैशाखातलं वादळ, इथेच कोलकात्याला उतरायचं. टॉवरने उंची सांगितली, यांनी चुकीची ऐकली. नियमाप्रमाणे ती परत म्हणाले, तेव्हा टॉवरमधला बंगाली बाबू शांतपणे म्हणाला, नाही, पुन्हा ऐका. "नुसतं हो म्हणालो असतो," कॅप्टन म्हणाले, "तर तुमच्याशी भांडायला उरलो नसतो."

आता मुक्ताबद्दल. त्यांची नात. बारावी झाली, फ्लाइंग स्कूलमध्ये निवड झाली. तिच्या वडिलांनी, संजयने, मला विचारलं. मी सांगितलं, आधी पदवी. माझ्या शब्दाखातर त्याने फॉर्मवर सही केली नाही.

गेल्या आठवड्यात कॅप्टन माझे तीन जिने चढून आले. धापा टाकत बसले. आधी माझं म्हणणं परत म्हणाले. मुक्ताने तीन वर्षं थांबावं, नाहीतर तिला विमान येईल, विचार येणार नाही. बरोबर? मी हो म्हटलं. मग ते बोलले. खरं सांगतो, मी ऐकत नव्हतो. मी उत्तर जुळवत होतो. जाताना ते जिन्यात थांबले.

"आता माझं म्हणणं परत म्हणून दाखवा."

मी हसलो. "उद्या, कॅप्टन."

सकाळी संजयचा फोन आला.

तेव्हा आज म्हणतो. कानावर पडलं तेवढं म्हणतो. पदवी वाईट नाही, ती पुढेही घेता येईल. पण आपण चुकीचं ऐकलं हे मान्य करायची सवय कोवळ्या वयातच लागते. विमानात ती लागते, कारण तिथे समोरचा लगेच म्हणतो, पुन्हा ऐका. तुमच्या दोन पदव्यांत तुम्हाला हे कोणी म्हटलं का?

नाही, कॅप्टन. कोणीही नाही.

संजय, माझं मत माझ्यापाशी राहू दे. माझा सल्ला मात्र मी मागे घेतो. मघाशी दारात मुक्ता मला तिच्या मराठीत म्हणाली, "आजोबा, माझ्याकडे अजून चार दिवस आहे." सहीला चार दिवस पुरे आहेत. बाकी तू बघ.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. मी तर मुळीच नाही.

कॅप्टन, तुमचं म्हणणं परत म्हणून दाखवलं.

बरोबर?