तुळशीराम अण्णांचा चौथरा

मंडळी, बसा. मागच्यांनी विड्या विझवा. समोर शांताबाई बसल्या आहेत. त्यांच्यादेखत त्यांच्या मालकांविषयी, आपल्या तुळशीराम अण्णांविषयी ‘होते’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एरवी ती किती चालते, ते इथल्या निम्म्या लोकांनी वर्गात ऐकलंय.

आत्ता भाषणं ऐकली. अण्णा थोर होते. अण्णा गावाचं भूषण होते. मग ते हयात असताना कुणाला सुचलं नाही का हे?

आपल्या माळावर दगडांची रिंगणं आहेत आणि प्रत्येकाच्या मधोमध दगडांचा ढीग. राज्यांची फेररचना होऊन आपण म्हैसूर राज्यात नुकतेच आलो होतो, तेव्हा एक सरकारी साहेब मोजमाप घ्यायला आले. टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी अण्णांना बोलावलं. जाताना म्हणाले, या कबरी आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या, जरा लक्ष ठेवा. साहेब जीपमध्ये बसून गेले ते गेलेच. अण्णा मात्र लक्ष ठेवत राहिले. बांधाला कुणी दगड नेला, की त्याच्या शेतात जाऊन परत मागायचे. सोन्याच्या आशेनं कुणी खड्डा केला, की बुजवायचे.

पुरातत्त्व खात्याला अर्ज मी लिहायचे. कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून इंग्रजीत. उत्तर यायचं, कन्नडात लिहा. कन्नडात लिहिलं, तर ही जागा आमच्या यादीत नाही. मग यादीत घाला, असं लिहिलं. त्याला उत्तरच नाही.

आणि तुम्ही? याच पारावर एकानं अण्णांना टोमणा मारला. नाव घेत नाही, तो खाली बघतोय. बौद्ध झालास, गावाची मढी उचलायचं सोडलंस, अन् आता अनोळखी मढ्यांची राखण कामून करायलास? अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, “ते काम गावानं आमच्यावर लादलं हुतं. हे मी माझ्या मनानं करायलोय. ह्या मेलेल्यांची जात कुणाला ठावं न्हाई. मला तिथं बरं वाटतंय.”

आज सकाळी मी आले, तर शाळेसमोर दोन ट्रॉल्या दगड. त्याच ढिगांचे. अण्णांचा चौथरा बांधायला निघालेल्या मंडळाचे अध्यक्ष, माझेच विद्यार्थी, मला कौतुकानं सांगतात, अक्का, अण्णांचा जीव होता या दगडांवर, म्हणून त्यांच्या चौथऱ्याला मुद्दाम तिथलेच आणले.

अरे, काय म्हणू तुम्हाला? जे जागेवर राहावं म्हणून माणूस जन्मभर भांडला, तेच उचलून त्याचं स्मारक? हेतू चांगला आहे, मान्य. तेच तर दुखणं आहे. चोरांना अण्णा अडवत होते. आता अडवणारे गेले, आणि नेणारे तुम्ही सगळी भली माणसं.

मी शांताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “चौथरा नगं, बाई. जिथले तिथं जाऊ द्या.”

म्हणून इथं दोन मिनिटं उभं राहायचं नाही. कुठले दगड कुठून उचलले, ते ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. ट्रॉली चढापर्यंत जाईल, पुढं वाट नाही. तिथून प्रत्येकानं दगड हातांनी वर न्यायचा, ढिगावर ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. सगळे दगड वर जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा.

उठा.