सोनेरी सह्या

(तुलूझ. उपग्रहावर यंत्रं बसवायचं निर्जंतुक दालन. ओदील दुर्बिणीवाली, गास्तों उपग्रहवाला. दोघांचे डोळे तेवढे उघडे.)

गास्तों : झाकण काढा बाई. उद्या संचालकसाहेब फोटोला येणार, आणि तुमची दुर्बीण तोंड झाकून बसलीये.

ओदील : बसू दे. आरशावर काय बसतंय ते कळावं म्हणून शेजारी ठेवलेल्या साक्षीच्या काचेवर थर आलाय. आज काच, उद्या आरसा.

गास्तों : आमच्याकडून नाही हं. वायरी, गोंद, चिकटपट्ट्या, सगळं आतली वाफ आधीच निघून जावी म्हणून भट्टीत भाजलंय. तुम्हीच उभ्या राहून भाजून घेतलंत.

ओदील : आणि गेल्या महिन्यात साहेबांनी सोनेरी रंगाचा पेन आणला, तो कुठल्या भट्टीतून?

गास्तों : अहो, रिवाज आहे. उपग्रह निघण्याआधी पत्र्यावर सगळे सह्या करतात.

ओदील : पत्रा नेमका माझ्या आरशाला लागून.

गास्तों : तिथे फोटोत दिसतात ना.

ओदील : वर गेल्यावर रंगाची वाफ निघणार आणि सगळ्यात थंड जागी बसणार. म्हणजे आरशावर. मग आम्ही तारे बघायचे की साहेबांचं नाव?

गास्तों : भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. उपग्रह आमचा, तुम्ही भाडेकरू. फार ताणलंत तर दुर्बीण उतरवून तेवढ्याच वजनाचा ठोकळा बसवतील. ठोकळा कुरकुर करत नाही.

ओदील : साहेबांशेजारी शोभेलही. पण तीच वाफ तुमच्या दिशा शोधणाऱ्या कॅमेऱ्यावर बसणार. मग उपग्रहाचं तोंड कुठे आहे, ते साहेबांनाच विचारा.

गास्तों : ...बरं. बाकीच्यांच्या पुसू. साहेबांची तेवढी राहू दे. एका सहीची वाफ ती केवढी?

ओदील : सगळ्यात मोठी तीच आहे.

गास्तों : तुम्हाला हसायला काय जातं? त्यांना सांगायचंय मला.

ओदील : पेन आणला तेव्हाच सांगायचं होतं. पण तेव्हा तुम्ही रांगेत दुसरे होतात.

गास्तों : द्या तो फडका. सगळ्यांच्याच पुसायच्या?

ओदील : सगळ्यांच्या.

गास्तों : ही कोपऱ्यातली पण? तुमच्या मार्सेलांची आहे. आरसा त्यांनीच घासून घडवला ना? सहीला दवाखान्यातून उठून आले होते. आता माणूसच राहिला नाही.

ओदील : माहीत आहे.

गास्तों : तुम्हीही इथेच होतात की त्या दिवशी. रंगाचं तुम्हाला तर कळत होतं. मग गप्प का बसलात?

ओदील : पेन मार्सेलांच्या हातात होता.

(गास्तों फडका त्या सहीवरून मागे घेतो.)

ओदील : आणा फडका. ती मी पुसते.