मला काढून टाका

मार्जोरी : बसा वेन्डेल. उभं राहून ओरडलात तरी कागद तोच राहणार. चारला मुदत संपते. त्याआधी मी सही करून हार्लन व्हुकोविचला करारातून मोकळं केलं नाही, तर पुढच्या वर्षाचा त्याचा सगळा पगार आपल्या गळ्यात.

वेन्डेल : आणि मोकळा केलास तर? त्याच्या जागी कोण? तो युटाहून आणलेला खांब?

मार्जोरी : ब्रिग्ज नाव आहे त्याचं. बावीस वर्षांचा आहे. हार्लन चौतीसचा.

वेन्डेल : मी एकसष्टचा आहे, मलाही काढ. अगं मार्ज, आपला कॅलहन चेंडू फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ कुठे असते? डावीकडे. तिकडून सव्वाशे किलोचा माणूस सुसाट येतोय हे त्याला दिसतच नाही. त्या माणसाला अडवायचं, एवढंच हार्लनचं काम. अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळतोय! चेंडूला कधी बोट लागलं नाही त्याचं, आणि त्याचं नाव पाठीवर छापून कोणी स्टेडियमवर येत नाही. पण कॅलहन आज दोन पायांवर चालतोय तो याच्यामुळे.

मार्जोरी : हे मला नको, मालकांना सांगा. सकाळपासून तीनदा फोन आलाय त्यांचा. “म्हातारा बैल किती दिवस पोसायचा?” हे त्यांचे शब्द. हार्लन नाही गेला तर कोण जाईल, तेही सांगून झालंय.

वेन्डेल : तुला धमकी दिली?

मार्जोरी : हसत हसत दिली. म्हणून जास्त भीती वाटली. बरं, ते सोडा. डिसेंबरातल्या शेवटच्या सामन्याचं चित्रण मी काल चार वेळा पाहिलं. तिसऱ्या डावात हार्लनचा डावा हात वर येतच नाही. समोरचा त्याच्या काखेखालून निघून जातो आणि कॅलहनचा खांदा निखळतो. काय झालं होतं?

वेन्डेल : घसरला असेल. बर्फ पडत होता.

मार्जोरी : मैदान कोरडं होतं. वेन्डेल, खिडकीबाहेर काय बघताय? इकडे बघा.

वेन्डेल : बर्फ होता म्हटलं ना.

मार्जोरी : तुम्हाला काहीतरी माहीत आहे.

वेन्डेल : ते तुला माहीत करून घ्यायचंय का, हे आधी ठरव. एकदा कानावर पडलं की पुसता येत नाही.

मार्जोरी : बोला.

वेन्डेल : नोव्हेंबरातली गोष्ट. सामना संपला, सगळे घरी गेले आणि हा पठ्ठ्या कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बसलेला. शर्टाची गुंडी लावत होता. वीस मिनिटं, मार्ज. एक गुंडी. मी म्हटलं, काय रे, मुंग्या आल्यात? तर म्हणतो, “मुंग्या नाहीत कोच. हातच नाही.” मानेत काहीतरी दबलंय. धक्का बसला की खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं बंद. कधी दहा मिनिटं, कधी तासभर.

मार्जोरी : आणि तुम्ही त्यानंतर त्याला सहा सामने खेळवलंत.

वेन्डेल : खेळवले.

मार्जोरी : आणि आता त्याला ठेवा म्हणून माझ्याशी भांडताय!

वेन्डेल : इथे राहिला तर माझ्या नजरेसमोर राहील. सरावात धक्के कमी देईन, मधेमधे बाहेर बसवीन. तू सोडलंस तर उद्या दुसरा कोणी उचलेल आणि त्यांना काही ठाऊक नसेल.

मार्जोरी : म्हणजे मोडायचाच असेल तर तुमच्या नजरेसमोर मोडावा.

वेन्डेल : असं नको गं बोलू.

मार्जोरी : मग कसं बोलू? दुखापत झालेल्या खेळाडूला काढता येत नाही. नियम आहे. दहा मिनिटांपूर्वी मला काही माहीत नव्हतं, मी सही करून मोकळी झाले असते. आता सही केली तर सगळं जाणूनबुजून. कुठे नेऊन ठेवलंत मला, कळतंय का?

वेन्डेल : तूच म्हणालीस, बोला.

मार्जोरी : हो. मीच म्हणाले. थांबा, कोणीतरी आलंय.

(दार वाजतं. हार्लन चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून आत येतो. डावा हात जाकिटाच्या खिशात.)

हार्लन : मॅडम, तुम्ही दोनला बोलावलं होतंत. काय हो कोच, दोघंही असे बसलायत की मी गेलोय आणि मलाच कळवलं नाहीये.

मार्जोरी : बस हार्लन.

हार्लन : मागच्या वेळी तुमची एक खुर्ची मोडली मी. उभाच बरा.

मार्जोरी : बस. खिशातला हात बाहेर काढ.

हार्लन : ...सांगितलंत तुम्ही, कोच.

वेन्डेल : सांगितलं.

हार्लन : कोणाला सांगणार नाही म्हणाला होतात.

वेन्डेल : तसं म्हणालो नव्हतो. गप्प बसलो होतो. फार दिवस गप्प बसलो रे.

मार्जोरी : घरी बायकोला माहीत आहे?

हार्लन : डॅनिकाला संधिवात म्हणून सांगितलंय. रोज रात्री कसलंसं मलम चोळते. तिच्या आजीचं मलम. घरभर कापराचा वास सुटतो.

मार्जोरी : तिचा विश्वास बसतो?

हार्लन : ती चोळते. मी विचारत नाही.

मार्जोरी : आणि कॅलहन?

हार्लन : त्याचं नाव नका काढू. दवाखान्यात मला म्हणतो, चूक माझीच, मी चेंडू जास्त वेळ धरून ठेवला. त्याची आई होती तिथे. माझा हात धरून रडायला लागली. म्हणाली, तू आहेस म्हणून मी डोळे उघडे ठेवून सामना बघू शकते. आणि मॅडम, तिने माझा हात धरलाय हे मला खाली बघितल्यावर कळलं.

वेन्डेल : देवा.

हार्लन : आता माझं ऐका. मला काढून टाका.

मार्जोरी : काय?

हार्लन : सही करा त्या कागदावर. मी यासाठीच आलोय. मेम्फिसच्या संघाशी बोलणं झालंय. परवा जायचं, एकाच वर्षाचा करार. त्यांचा डॉक्टर गुडघे बघतो, मानेकडे कोणी बघत नाही. तुमचे मालक खूश, तुमची नोकरी शाबूत, माझं एक वर्ष आणखी. कोणाचं काही बिघडत नाही.

मार्जोरी : सगळ्यांचंच भलं होतंय. म्हणूनच मला धडकी भरली आहे.

हार्लन : पाया पडतो तुमच्या.

वेन्डेल : हार्लन, गप.

हार्लन : का गप? तुम्ही एकसष्टाव्या वर्षीही रोज मैदानावर येता. मी चौतीसाव्या वर्षी घरी बसून काय करू? गवत कापू? मानेचा फोटो काढला की डॉक्टर एक वाक्य बोलणार आणि मी संपलो. सोळाव्या वर्षापासून मला दुसरं काही येत नाही. माणसासमोर उभं राहायचं आणि हलायचं नाही. एवढंच येतं.

वेन्डेल : टेरेल गिद्रीचं नाव ऐकलंयस?

हार्लन : नाही.

वेन्डेल : कसं ऐकशील! लुइझियानात मी कॉलेजच्या पोरांना शिकवायचो, तेव्हाचा. तुझ्याच जागी खेळायचा. त्यालाही मुंग्या यायच्या. मला म्हणाला, कोच, एवढा मोसम निघू दे. मी म्हटलं, बरं. साधा सराव होता रे. ना गर्दी, ना कॅमेरे. खाली वाकला, धडकला आणि तसाच पडून राहिला. मी ओरडलो, ऊठ! दोनदा ओरडलो. तो गवतात तोंड खुपसून म्हणतो, “कोच, मी उठलोय की.” त्याला वाटत होतं तो उभा आहे.

हार्लन : मग?

वेन्डेल : दरवर्षी ईस्टरला जातो मी त्याच्याकडे. बहीण भरवते त्याला. तो मला कधी काही बोलत नाही. मला तेच सोसत नाही. आणि तरी मी तुला सहा सामने खेळवलं. मी कसला माणूस आहे, सांग.

मार्जोरी : हार्लन, मी सही करत नाहीये. चारनंतरही तू आमचाच आहेस, पगारासकट. आणि आत्ता, या क्षणी, तू खाली संघाच्या दवाखान्यात डॉक्टर इंगरसोलकडे जातोयस. वेन्डेल तुझ्याबरोबर येतील.

हार्लन : आणि ते नाही म्हणाले तर?

मार्जोरी : तर तू खेळणार नाहीस. इथेही नाही, मेम्फिसलाही नाही.

हार्लन : मालक तुम्हाला ठेवणार नाहीत.

मार्जोरी : ते माझं मी बघेन.

हार्लन : मॅडम, एकदा विचार करा.

मार्जोरी : झालाय करून. जा तू.

हार्लन : कोच, खाली गेल्यावर ते मला त्या फोटो काढायच्या नळकांड्यात घालतील ना? मी मावेन का हो त्यात?

वेन्डेल : नाही मावलास तर मी ढकलीन. चल लेका.

*

वेन्डेल : हॅलो, मार्ज? दवाखान्यातून बोलतोय.

मार्जोरी : साडेचार वाजले, वेन्डेल. काय म्हणाले?

वेन्डेल : मानेचे दोन मणके. मज्जारज्जूला जागाच उरलेली नाही. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि आधी त्याला म्हणाले, उठू नकोस, हलू नकोस. मग मला बाहेर नेऊन विचारलं, हा डिसेंबरपर्यंत खेळत होता? मी हो म्हटलं. सोमवारी ऑपरेशन. हात परत येईल बहुतेक. खेळणं नाही.

मार्जोरी : त्याला सांगितलं?

वेन्डेल : सांगितलं. डॅनिकाला फोन लावा म्हणाला, मीच लावला. संधिवात नाही हे तिला ठाऊक होतं म्हणे. विचारायची भीती वाटत होती. निघालीय ती. तिकडे काय?

मार्जोरी : मालक आलेत. जिन्यात त्यांचा आवाज ऐकू येतोय.

वेन्डेल : मी येऊ का वर? सांगतो त्यांना, दोष माझा आहे.

मार्जोरी : ते सांगायचंच आहे तुम्हाला. आज नाही. हार्लन काय करतोय?

वेन्डेल : झोपलाय. मानेला पट्टा बांधलाय, पाय पलंगाबाहेर, आणि घोरतोय. नर्स दोनदा बघून गेली.

मार्जोरी : मग तुम्ही तिथून हलू नका. तो जागा होईल तेव्हा कोणीतरी ओळखीचं जवळ असू दे.