बोटांच्या बेचक्या

दवाखान्यात माझ्यापुढे एक आजी आणि मांडीवर बाळ घेतलेली तिची सून बसली होती. नर्सबाई बाळाचे हात तपासत होत्या.

"आजी, ही खरूजच आहे, अजून गेली नाही."

"आमच्या घरात खरूज? काहीतरीच! घर लख्ख असतं आमचं, सिस्टर. उष्णता असेल."

"मागच्या वेळी मलम घरातल्या सगळ्यांना लावायला सांगितलं होतं ना?"

"बाळाला लावलं की. आम्हाला काय धाड भरलीय?"

"अहो आई, पण बाळ रात्रभर रडतंय."

"तू गप गं."

"बाळ झोपतं कुणाजवळ?"

"माझ्याच कुशीत! आजीशिवाय चैन पडत नाही त्याला."

"मग तुम्ही मघापासून बोटांच्या बेचक्या का खाजवताय?"

"हे होय? भांड्यांच्या साबणानं होतं."

"भांडी कोण घासतं?"

"सूनबाई."

"आज सगळ्यांनी मलम लावा, मानेपासून तळपायापर्यंत. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. तुमच्याजवळ आणखी कुणी झोपलं होतं?"

"माझी लेक. कालच सासरी गेली."

"तिलाही लगेच कळवा."

"अगं बाई! सूनबाई, तूच कर फोन. सांग तिला, ही पीडा तू तुझ्या माहेरून आणलीस."

"करते ना, आई. पण वन्संना सांगेन, 'वन्सं, ती तुमच्याच माहेरून आली.'"