कुंकवाची बोटं

वच्छला, स्वराज्य आलं त्या साली लेकीचा हिवताप उतरेना, तेव्हा मी नवस बोलले होते: जितक्यांदा ताप चढेल, तितके दिवे त्या-त्या वेळी देवीपुढे लावीन. विसरू नये म्हणून भिंतीवर कुंकवाची बोटं उमटवत गेले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, वेगवेगळ्या ओळींत.

गोंदियाचे डॉक्टर आले. "ताप केव्हा चढून राहिला?"

सासूबाई म्हणाल्या, "कवा सकाळी, कवा सांजेले. मधातली दुपार धरा ना!"

मी डॉक्टरांना भिंतीवरच्या ओळी दाखवल्या. ते म्हणाले, "दुपारचं तर एकही बोट नाही, आजी. सर्वांत जास्त कुठं आहेत?"

मी मोजली. सकाळची दोन, संध्याकाळची नऊ.

"मग औषध संध्याकाळच्या आधीच द्या."

चौथ्या दिवशी लेकीनं पेज मागितली.

तुझ्या तापलेल्या बाळासाठी नवस बोल गं, पण बोटंही उमटव.